तेलावर लावलेला गोंद

तुमच्या गाडीचा पुढचा ब्रेक शेवटचा कोणी कसला, त्याचं नाव सांगता येईल का तुम्हाला? नाव सोडा, चेहरा तरी आठवतो? डॉक्टर गाठायचा तर आपण चार जणांना विचारतो. पोरीला स्थळ आलं तर मुलाच्या सात पिढ्या खणून काढतो. आणि ज्या दोन बोल्टांच्या भरवशावर बायको-लेकरांसकट जीव टांगून सुसाट जातो, ते कोणी कसले, कशानं कसले, हे विचारायची मात्र आपल्याला लाज वाटते. उगाच मान हलवू नका. आठवत नाही, हेच खरं.

वरठीच्या स्टेशनाबाहेर, कारखान्याचे कामगार गाड्या लावून चहा पितात तिथे, तुलाराम मिस्त्रीचं टिनाचं शेड आहे. माणूस ठेंगणा, आवाज मोठा. शाळा अर्धवट सुटली, पण इंजिनचा आवाज ऐकून आजार सांगणारा. गिऱ्हाइकाला खुर्ची द्यायची पद्धत त्याच्याकडे नव्हती, ऐकवायची होती. "कोन्या गाढवानं हात लावला होता बे याले?" असं विचारल्याशिवाय त्यानं कधी गाडी उघडली नाही. आणि गाडी परत देताना एक वाक्य ठरलेलं: "माह्या हातचा बोल्ट यमाले बी नाई खुलत."

या तोऱ्याखाली एक जुनी सवय होती. तुलारामचा बाप बंडी हाकायचा. आखाला तेल पाजल्याशिवाय बैल जुंपायचे नाहीत, हा घरचा नेम. पोरगं मिस्त्री झालं, नेम तोच राहिला. आपल्या भागात त्याला कारणही आहे. इकडची गाडी डांबरावर कमी आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जास्त चालते. चिखलणीच्या दिवसांत बांधीतलं, म्हणजे धानाच्या खाचरातलं, पाणी नटबोल्टात शिरतं आणि धान कापणीला येईपर्यंत गंज असा बसतो की पाना फिरतो, बोल्ट फिरत नाही. म्हणून भंडाऱ्याकडचा शहाणा मिस्त्री बोल्ट काढला की आधी तेलात टाकतो. तुलारामच्या पायाशी जुन्या ऑइलचं डबडं कायम असायचं. काढलेला प्रत्येक बोल्ट त्या डबड्यात बुचकळ्या खाऊनच परत बसायचा. कित्येक वर्षं यात काही बिघडलं नाही, कारण तेल लावलेला बोल्ट तुलाराम दात-ओठ खाऊन कसायचा.

मग डिस्क ब्रेकच्या गाड्या गावोगावी आल्या. पुढच्या चाकाला स्टीलचं पातं आणि त्या पात्याला दोन्हीकडून चावणारा जबडा. हा जबडा दोन बोल्टांवर उभा असतो. ब्रेक दाबला की गाडीचा सगळा जोर त्या दोघांवर येतो. खड्ड्यांच्या हादऱ्यानं ते ढिले पडू नयेत म्हणून कंपनीतूनच त्यांच्या आट्यांना गोंद लावलेला असतो. ब्रेकपॅड बदलायला बोल्ट एकदा काढला की तो गोंद मेला. नवा लावावा लागतो. तुलारामनं हे ऐकलं तेव्हा भंडाऱ्याहून बाटली आणली. दुकानात लाल आणि निळी अशा दोन होत्या. जास्त ताकदीची कोणती, एवढंच त्यानं विचारलं. लाल. मग लालच घेतली. कमी ताकदीचं काही घ्यायचं म्हणजे त्याला स्वतःचा अपमान वाटायचा.

ती लाल बाटली त्यानं पहिल्यांदा वापरली मधुकररावांच्या गाडीवर. मधुकरराव रेल्वेतून निवृत्त झालेले, गाडी त्यांच्याइतकीच म्हातारी, पुढेही जुनाच ड्रम ब्रेक. हँडलचा एक बोल्ट हरवला होता. पुडीतून नवा कोरा बोल्ट काढला, लाल गोंद लावला, कसला. महिनाभरानं हँडल सरळ करायची वेळ आली तेव्हा तो बोल्ट जागचा हलेना. पान्यात पाइप घालून तुलाराम लटकला. कटकन आवाज आला आणि बोल्टचं डोकं हातात.

"तुलाराम," मधुकरराव शांतपणे म्हणाले, "तू गाडी दुरुस्त करतोस, का वेल्डिंग?"

चहावाल्यासकट सगळे हसले. तुलाराम त्या दिवशी जेवला नाही. दुकानदारानं नंतर समजावलं की लाल गोंद जे जन्मात उघडायचं नाही त्याला, आणि तो तापवल्याशिवाय सुटत नाही. ब्रेक, हँडल, जे पुन्हा खोलावं लागतं त्याला निळा. म्हणून निळी बाटली आली. बाटली बरोबर होती. चूक दुसरीकडे होती. बोल्ट तुटल्याचा तो कटकन आवाज तुलारामच्या मनगटात जाऊन बसला होता. आता पाना जरा जड झाला की त्याचा हात आपोआप थांबायचा. गोंद आहे ना, मग कशाला जोर? असं तो स्वतःला सांगायचा. आणि तेलाचं डबडं? ते तर होतंच. बोल्ट तेलातून निघायचा, वरून निळा थेंब, हलक्या हातानं आवळला, चल.

उन्हं तापायला लागली होती तेव्हाची गोष्ट. दुपारी धर्मेंद्र गाडी ढकलत आला. हा कारखान्यात मशिनी दुरुस्त करतो, स्वभावानं टवाळ. कोपर सोललेलं, पँटला माती.

"मिस्त्री, तुमच्या यमानं खोलला बोल्ट."

"पडला का बे?"

"पडलो नाई, आपटलो. स्पीडब्रेकरवर ब्रेक दाबला अन् खाली कडकड झालं. चाक जाम. गाडी हळू होती म्हनून तुमच्यासंग बोलून राहिलो. नाई तं फोटोले हार घालाले बोलावलं असतं तुम्हाले."

तुलाराम खाली बसला. जबड्याचा खालचा बोल्ट गायब. वरचा एवढा ढिला की त्यानं नुसत्या बोटांनी काढला. पान्याला हातही लावला नाही. आट्यांमधला निळा गोंद तसाच ओला, चकचकीत, बोटाला काजळासारखा लागणारा. आठवडा होत आला होता आणि तो आज लावल्यासारखा कच्चा होता.

धर्मेंद्रनंही बोट लावून पाहिलं. त्याची टवाळी थांबली. "आधी तेल लावलं होतं का?"

"लावतोच ना. तेल नाई लावलं तं गंजते."

"अरे माय व! मिस्त्री, आमच्या इथी हा गोंद लावाच्या आधी आटे थिनरनं धुतात. चांगले कोरडे करतात. अन् लावल्यावर एक दिवस मशीन चालू देत नाई. हा हवेनं नाई सुकत. लोखंडाले लोखंड भिडलं, मधातली हवा गेली, तवा धरते. मधात तेल असलं तं धरंन कोनाले?"

लाल गोंदानं मधुकररावांचा बोल्ट का धरला ते तुलारामला त्या क्षणी कळलं. तो बोल्ट कोरा होता. डबड्यात गेलाच नव्हता.

शेडमध्ये ब्रेकचं काम झालेली एक गाडी गिऱ्हाइकाची वाट पाहत उभी होती. तो तिच्याजवळ गेला आणि जबड्याच्या बोल्टवर अंगठा ठेवला. बोल्ट फिरला. बाटलीचं झाकण फिरावं इतका सहज फिरला. निळी बाटली आणल्यापासून किती गाड्यांचे पॅड बदलले? उन्हाळ्यात तेच काम जास्त. आणि त्यानं कधी काही लिहून ठेवलं नव्हतं. लिहिणाऱ्या मिस्त्रीला तो कारकून म्हणायचा.

बाजूच्या पानठेल्यावरून भैयाजी सगळं पाहत होता. धर्मेंद्र चहाला गेल्यावर तो वाकून हळूच म्हणाला, "कायले एवढा घाबरून राहिला? रोडवर टाक ना. खड्ड्यानं बोल्ट पडला म्हन. कोन मना करते?"

भैयाजी खोटं बोलत नव्हता. खरंच कोणी मना केलं नसतं. आपल्याकडे रस्त्याला शिव्या दिल्या की सगळे माना डोलावतात. रेतीच्या टिप्परनी रस्ते फोडलेच आहेत. त्या खड्ड्यासाठी आपण रास्ता रोको केला असता, टायर जाळले असते, घोषणा दिल्या असत्या. आणि तेवढ्या वेळात तुलारामच्या हातची आणखी एक गाडी कुठल्या तरी उतारावरून निघाली असती.

सखाबाई जेवणाचा डबा घेऊन आली. नवरा चाकाजवळ उकिडवा बसलेला, हातात बोल्ट. "काहून असे बसले? अंगात ताप हाय का?"

त्यानं तिला सगळं सांगितलं. एकटीला सांगितलं, दबक्या आवाजात. सखाबाई रोज दुपारी शेडमध्ये बसायची. तिला गाड्या आठवत नव्हत्या, माणसं आठवत होती. कोण पाणी मागायला आलं, कोण भावावरून भांडलं, त्यावरून तिनं एकेक माणूस उभं केलं. बहुतेक कारखान्यातले. एक कारध्याची मेघा, मासे विकणाऱ्या रुखमिणीची पोरगी. "अन् थे बाळंतीण," सखाबाई म्हणाली. "स्टेशनातून आलते नवरा-बायको. लहानसं लेकरू होतं. म्या तिले सावलीत बसवलं, पानी देल्लं. थे कोन होते?"

ते कोण होते, हे दोघांनाही माहीत नव्हतं. वाटेवरचं गिऱ्हाईक.

"गेटवर जा," सखाबाई म्हणाली. "पाळी सुटाची वेळ झाली. सगळ्याईले सांगा, मिस्त्री चुकला म्हना."

तुलाराम गेला. पण "मिस्त्री चुकला" हे शब्द त्यानं वाटेतच गिळले. पाळी सुटली, गेटमधून मोटरसायकलींचा लोंढा निघाला, तसा तो हात वर करून ओरडला, "फुकट तपासनी! पुढचा ब्रेक फुकट पाहून देतो! थांबा!"

"काय मिस्त्री, इलेक्शनले उभा राहून राहिला का?"

"बायकोनं घरातून काढलं वाटते."

लोक हसत होते, काही थांबत होते. तुलाराम प्रत्येक पुढच्या चाकापाशी गुडघे टेकत होता. आपल्या हातची गाडी तो लांबून ओळखायचा आणि आधी तीच अडवायचा. एकाचा बोल्ट अर्धा बाहेर आला होता. त्या गाडीवर मागे दोघं बसलेले, तिघंही मोबाइलवर काहीतरी पाहून खिदळत होते. तुलारामनं बोल्ट काढून खिशात टाकला आणि म्हणाला, "गाडी इथीच ठेवा. सकाळी नेजा."

"काहून? काय झालं?"

"झालं नाई काही. सामान बदलवाचं हाय."

धर्मेंद्र कोपराला फडकं बांधून गेटपाशी उभा होता. त्यानं तुलारामकडे असं पाहिलं की तुलारामनं मान खाली घातली.

कारखान्यातल्या गाड्या सापडल्या. राहिल्या दोन. मेघाची आणि त्या बाळंतिणीची. मेघाचा पत्ता तरी ठाऊक होता. पण कारध्याला जायचं कशावर? शेडसमोर उभ्या प्रत्येक गाडीवर तुलारामचाच हात फिरला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःचा हात लागलेल्या गाडीवर बसायची भीती वाटली. शेवटी तो मधुकररावांच्या दारात गेला. त्यांची ती म्हातारी, ड्रम ब्रेकची, डिस्क नसलेली गाडी मागितली. त्यांनी चावी दिली आणि म्हणाले, "हँडल हळू वळव. तूच कसलं हाय."

गमतीनं म्हणाले. तुलाराम भंडाऱ्यापर्यंत त्या हँडलकडे पाहत गेला. खाली प्रत्येक खड्डा त्याला वेगळा ऐकू येत होता. कुठे काय खुळखुळतं, कुठे काय सुटत असेल. गाडीवर बसलेल्या बाकीच्या जगाला फक्त वारा लागतो. मिस्त्रीला आपल्याखालचा एकूण एक बोल्ट लागतो. समोरून येणाऱ्या प्रत्येक मोटरसायकलचं पुढचं चाक तो पाहत होता, आणि वैनगंगेच्या पुलावर ट्रक अंगावर येईस्तोवर ट्रक त्याला दिसलाच नाही.

पूल उतरला की कारध्यात रस्त्याच्या कडेला रुखमिणी टोपली मांडून बसते. ढिवरांच्या घरातली बाई, जिभेला धार, वजनाला खरी. मेघाचा बाप गेल्यापासून मेघाच गाडी चालवून तलावांवरून मासे आणते.

"मेघा कुठी हाय?"

"आसगावले गेली, तलावावर. जाळं ओढून राहिले ना आज. काहून भाऊ?"

"फोन लाव तिले."

"फोन माह्याजवळ हाय. मासे भरता भरता पान्यात पडते म्हनून नेत नाई थे. काय झालं?"

इथे सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. आसपास चार बाया बसलेल्या, दोन गिऱ्हाइकं उभी. माझ्या हातानं तुझ्या पोरीचा ब्रेक कच्चा राहिला, हे वाक्य सगळ्यांसमोर उच्चारायला किती वेळ लागतो? तुलारामनं ते उच्चारलं नाही.

"काही नाई. गाडीचं एक सामान उलटं बसलं. थांबाले सांग तिले, म्या तिथी जातो."

रुखमिणीनं आसगावच्या मच्छी सोसायटीतल्या माणसाला फोन लावला. "मेघाले म्हना, थांब. मिस्त्री येऊन राहिला." तो हो म्हणाला.

हा निरोप ऐका पुन्हा. थांब, मिस्त्री येतो. यात भीती कुठे आहे? यात मरण कुठे आहे? भर उन्हात माशांचे कॅरेट भरलेले, बर्फ वितळतोय, भंडाऱ्याचा संध्याकाळचा बाजार डोक्यावर. कोण थांबेल अशा निरोपाला? मेघाही थांबली नाही. "मिस्त्री कारध्यातच भेटंन मले, मासे थांबतात का?" असं म्हणून ती निघाली, हे त्या माणसानं नंतर सांगितलं.

तुलाराम पहेला ओलांडून गेला, अड्याळ ओलांडून गेला. एका ठिकाणी रस्त्यावर गर्दी दिसली. गर्दीत कुणीतरी खाली पडलेलं होतं. चिखलानं भरलेले पाय तेवढे दिसत होते. तो गाडी टाकून धावला. म्हातारी होती, ऊन लागून पडली होती, लोक तिला पाणी पाजत होते. "कोन पाह्यजे?" एकानं विचारलं. तुलाराम तसाच परत फिरला आणि गाडीला किक मारू लागला. दोनदा पाय घसरला.

आसगाव अजून पुढे होतं. एका तलावाच्या पाळीवरून रस्ता खाली उतरतो, दोन्ही अंगाला उन्हाळी धानाच्या बांध्या, पाणी भरलेल्या. तुलाराम उताराच्या तळाशी पोहोचला आणि वर पाळीवर त्याला मेघा दिसली. मागे दोन कॅरेट बांधलेले, तोंडाला ओढणी. येत होती.

त्याला एवढा आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. मधुकररावांची गाडी तिथेच आडवी करून तो रस्त्याच्या मधोमध धावला आणि दोन्ही हात हलवू लागला. "थांब! मेघा, थांब!"

हात वर असतानाच त्याला कळलं.

थांब म्हणजे काय? थांब म्हणजे ब्रेक दाब. वाटभर तो त्या एका ब्रेकला घाबरत आला होता आणि आता उतारावर, ओझं लादलेल्या गाडीवर, तोच ब्रेक दाबायला स्वतः सांगत होता. "नोको दाबू!" तो किंचाळला. "पुढचा ब्रेक नोको दाबू!" पण वारा, इंजिन, ओढणी. मेघाला दिसलं एवढंच की वरठीचा मिस्त्री रस्त्यात नाचतोय. तिनं पुढचा ब्रेक दाबला.

आवाज त्यानं दुपारी धर्मेंद्रच्या तोंडून ऐकला होता. आता कानांनी ऐकला. जबडा एका बोल्टावर गरकन फिरून चाकात अडकला. पुढचं चाक जागच्या जागी मेलं. मागचं उचललं. मेघा हँडलवरून उडाली, रस्ता सोडून, धुरा सोडून, सरळ बांधीतल्या चिखलात. तिच्या मागून मासे.

तुलाराम बांधीत उतरला तेव्हा ती पालथी होती. त्यानं तिला उलटवलं, तोंडातला चिखल बोटानं काढला. आजूबाजूला धानाच्या रोपांत मासे फडफडत होते आणि ती हलत नव्हती. तो तिला हाका मारत राहिला. बऱ्याच वेळानं, किंवा लगेचच, त्याला सांगता येत नाही, ती खोकली.

"मिस्त्री," ती म्हणाली, "नाचून काहून राहिले होते?"

खांद्यापुढचं हासळीचं हाड मोडलं, मनगट मोडलं, डोकं वाचलं. डांबरावर पडली असती तर ही गोष्ट दुसरी असती. रुखमिणी भंडाऱ्याच्या दवाखान्यात धावत आली, पोरीला पाहिलं आणि तुलारामच्या पायाशी वाकली. "तुमी होते म्हनून, भाऊ. तुमी होते म्हनून वाचली."

आता सांगितलं नसतं तर चाललं असतं. उलट वरठीत सत्कार झाला असता. पण तुलारामच्या खिशात अजून तो बोल्ट होता, गेटवर काढलेला, आणि त्याचा ओला गोंद खिशाच्या कापडातून मांडीला लागत होता. दुसरी एक गाडी अजून रस्त्यावर होती. तो वॉर्डात, सगळ्यांसमोर, मोठ्यानं बोलला. तेल, गोंद, हलका हात, खोटा निरोप. सगळं.

रुखमिणी उठून उभी राहिली. मग म्हणाली, "आमच्या घरचं लहान लेकरू बी तेलाच्या हातानं जाळ्याले गाठ नाई मारत. हात राखेनं धुते, मंग गाठ मारते. अन् तुमी मिस्त्री म्हनोवता?"

ती आणखी जवळ आली.

"अन् कारध्यात मले काहून नाई सांगतलं? थांबंन नाई तं मरंन असं सांगतलं असतं तं म्या आसगाववाल्याले शिव्या देऊन थांबवाले लावलं असतं. तुमाले लाज वाटली. तुमची लाज माह्या पोरीच्या हाडावर पडली."

मेघा डोळे मिटून पडली होती. झोपली नव्हती.

तुलारामनं शेड बंद ठेवलं नाही. आता जुने आटे तो तारेच्या ब्रशनं घासतो, थिनरनं धुतो, कोरड्या फडक्यानं पुसतो आणि बोटानं तपासतो. जिथे पुन्हा खोलायचं तिथे निळा, एक थेंब. प्लास्टिकला लागू देत नाही, कारण या गोंदानं ते तडकतं. बोल्ट पूर्ण जोरानं कसतो. गाडी दुसऱ्या दिवसापर्यंत देत नाही, मग गिऱ्हाईक ओरडो की दुसऱ्याकडे जावो. यमाचं ते वाक्य त्यानं सोडून दिलं. हल्ली तो कमी बोलतो आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक पुढच्या चाकाकडे पाहत बसतो.

कारण ती दुसरी गाडी अजून सापडलेली नाही. स्टेशनात त्यानं विचारलं, पवनीला जाऊन आला, लाखांदूरच्या बाजारात गाड्यांमधून फिरला. सखाबाई रोज एकदा तरी म्हणते, "लेकरू गोड होतं." कुठे लग्नाला, कुठे शेतावर, कुठे दवाखान्यात, ती गाडी धावत असेल, आणि प्रत्येक ब्रेकला बोल्ट एक आटा बाहेर येत असेल. किंवा आला असेल. पेपरात अपघाताची बातमी आली की तुलाराम ती दुसऱ्याला वाचायला लावतो. स्वतः वाचत नाही.

तर ऐका, तुलाराम आणि सखाबाईला मिळून आठवतं ते एवढंच. काळ्या टाकीची मोटरसायकल. मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात, हातानं काढलेला मोर. माणूस उंच, डाव्या भुवईत जखमेची जुनी रेघ. बायको बारीक, पिवळी ओढणी, कडेवर तान्हं लेकरू. उन्हाळ्याच्या सुरुवातीला वरठी स्टेशनाबाहेर त्यांनी पुढचे ब्रेकपॅड बदलले. हे लोक तुमच्या गावात असतील, तुमच्या नात्यात असतील, उद्या चौकात तुमच्या पुढे उभे असतील. दिसले तर चालत्या गाडीसमोर हात आडवा करू नका. गाडी थांबू द्या, चावी निघू द्या, लेकरू खाली उतरू द्या. मग जवळ जा आणि मिस्त्री चुकला आहे, गाडी आता ढकलतच न्या, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा. लाजू नका. सांगा.